ऐंशी पावलं

रस्त्याकडेला वेगमर्यादेच्या पाट्या रोवण्यात बावीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला खात्यात सगळे खांबदादा म्हणत. साहेबांनी नकाशावर फुली मारायची आणि खांबदादांनी तिथे खड्डा खणायचा. खाली खडक लागला तर दोन-चार पावलं पुढे सरकायचं, एवढं त्यांच्यात चालायचंच. नकाशावरची फुली होती तिथेच राहायची. पाटी लागली ना, मग झालं.

गेले तीन दिवस मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ताईच्या यजमानांना, म्हणजे भावोजींना, उतारावरच्या कॅमेऱ्याने तिसऱ्यांदा पकडलं होतं. तिसरा दंड कायम झाला की परवाना सहा महिने जप्त, आणि भावोजी चालवत शाळेची गाडी. चाळीसची पाटी कॅमेऱ्याआधी दिसतच नाही, असं ते जेवताना कळवळून सांगत होते. खांबदादांनी नेहमीच्या तोऱ्यात सुनावलं, पाटी जागच्या जागी आहे, तुम्ही पाय तेवढा आवरा. ताई पानावरून उठली.

हात धुताना खांबदादांना आठवलं. त्या उतारावर पाण्याचा पाईप लागला होता. दोन-चार नव्हे, चांगली ऐंशी पावलं सरकले होते ते, थेट वळणापलीकडे. तेव्हा कॅमेरा नव्हता. पुढे कुणीतरी फुली बघून तो बसवला, म्हणजे पाटीच्या आधीच.

मग कसली झोप आणि कसलं काय. दोनदा सायकल काढून ते उतारावर गेले, पावलं मोजली, दर वेळी ऐंशीच भरली. जणू पाटी आपण होऊन मागे येणार होती. सांगावं तर नोकरीवर बेतणार, न सांगावं तर ताईला तोंड कसं दाखवणार?

सुनावणीला ते भावोजींच्या शेजारी जाऊन बसले. साहेबांनी नकाशा पुढे सरकवला, तेव्हा त्यांना राहवेना.

"पाटी त्या फुलीवर नाही, साहेब. मीच रोवली. पाईप लागला म्हणून वळणापलीकडे नेली आणि कुणाला बोललो नाही."

फोनाफोनी झाली, माणूस टेप घेऊन जाऊन आला आणि भावोजींचे तिन्ही दंड रद्द झाले. बाकीच्यांचं काय, असं खांबदादांनी विचारलं. साहेब म्हणाले, चारशेच्या वर माणसं आहेत, पण त्यांनी मुकाट्याने पैसे भरले. तक्रार नाही तर सुनावणी नाही. आणि हे उकरून काढलंत तर पहिले तुम्हीच अडकाल.

भावोजींनी बाही ओढली. "चला, आपलं काम झालं."

खांबदादा खुर्चीतून हलले नाहीत.

"तुमचं झालं, भावोजी. तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "साहेब, एक कोरा कागद द्या."