मी डोळा मारत नव्हते

"उभी राहा," सर म्हणाले. "आता परत मार."

मी उभी राहिले. काय मारायचं ते मला कळलं नाही.

"डोळा गं, डोळा. मघाशी मला मारलास ना? सगळ्यांना बघू दे."

वर्ग हसला. शहरातल्या राजापेठेतली क्लासची खोली, खाली दुकानं, वर आम्ही, एकेका बाकावर चौघं कोंबलेले. माझ्या शेजारची पण हसली, तोंडावर वही धरून. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग सर म्हणाले, "तुमच्यात बाकी सगळं झाकतात. म्हणून डोळ्यांनीच सगळं करता का?"

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मी डोळा मारत नव्हते. प्रश्नपत्रिका वाचताना मी उजवा डोळा मिटायची. मान वर केली तेव्हा तो मिटलेलाच राहिला. समोर सर होते. एवढंच झालं होतं.

मी नांदगाव खंडेश्वरची. अब्बा गाद्या-रजया भरून देतात. मला दहावीत मार्क चांगले पडले म्हणून सरांनी फी न घेता क्लासला बसवलं. सरांच्या घरात वकील, प्राध्यापक, सगळी मोठी माणसं. शहरात त्यांच्या शब्दाला वजन. फुकट बसवलंय हे ते मला विसरू देत नसत. मी पहिल्या बाकावर बसायची, त्यांना दिसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी अम्मीला बोलावलं. ती एसटीनं आली, बुरख्याच्या आत घामानं भिजलेली. सरांनी तिला बसायला सांगितलं नाही. म्हणाले, "लग्न करून टाका पोरीचं. शिक्षण हिच्या डोक्यात नाही."

अम्मीनं हात जोडले. "सर, लहान हाय पोरगी. या खेपेले माफ करा."

मला त्या हातांचा राग आला. सरांचा यायला हवा होता, तो नंतर आला. परत जाताना एसटीत अम्मी म्हणाली, "नजर नीचे रख ना बेटा. किताब में देख."

किताबमध्येच तर दोन दिसत होतं. पानभर वाचलं की एका ओळीवर दुसरी ओळ चढायची, अक्षरं एकमेकांत घुसायची, डोकं ठणकायचं. एक डोळा मिटला की सगळं जागेवर. मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं, मीच तेवढी कच्ची. शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं. एक डोळा झाक, वाच. दुसरा झाक, वाच. मी दोन्हींनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "नजर एकदम चांगली," असं सांगून पाठवलं. त्यानंतर डोकं दुखतं म्हटलं की घरातले पण म्हणायचे, नाटक करते.

डोकेदुखी थांबेना तेव्हा अकोल्याच्या खालानं, अम्मीच्या बहिणीनं, मला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाहेर ही रांग. आत एक डॉक्टरबाई, जेवायलाही उठल्या नसाव्यात. त्यांनी माझा एक डोळा झाकला, उघडला, दुसरा झाकला. हात इकडून तिकडे, तिकडून इकडे. झाकणं काढताक्षणी डोळ्याकडे बघायच्या. मग पेन समोर धरून हळूहळू नाकाकडे आणलं.

"दोन दिसले की सांग."

"दिसले."

"इतक्या दूरच?" त्यांनी पेन मागं नेऊन परत आणलं. तिथंच दोन. "वाचताना एक डोळा मिटतेस का? उन्हात पण?"

मी खालाकडे बघितलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळायला लागतात. तुझा एक थकला की बाहेर सरकतो. मग दोन दिसतं. एक मिटला की एकच दिसतं, म्हणून मिटतेस. कोणीपण मिटेल. एकेक डोळा तपासून हे सापडत नाही. दोन्ही मिळून काम करतात का, ते वेगळं तपासावं लागतं."

कोणीपण मिटेल. मी तिथंच रडायला लागले. खालाला वाटलं काहीतरी मोठा आजार निघाला. मला फक्त एवढंच कळलं होतं की मी घाणेरडी नव्हते.

डॉक्टरांनी व्यायाम दिले, चष्मा दिला, एका कागदावर मराठीत दुखणं लिहून दिलं. तो कागद घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी वाचला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? ठीक आहे. संपला विषय. जा, बस."

"सर, वर्गात सांगा ना."

"काय सांगू?"

"मी डोळा मारत नव्हते म्हणून."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "वर्ग शिकवायसाठी असतो. फुकट बसतेस, ते विसरलीस का?"

तोंडातून निघालंच. "मग मी नाही बसत, सर."

मी दप्तर उचललं आणि जिना उतरले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. घरी अब्बा कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी पेन नाकाशी आणत, डोळे दुखवत, एकटीच अभ्यास करत राहिले. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला अकोल्यात सरकारी नर्सिंगला नंबर लागला.

या उन्हाळ्यात अम्मीनं राजापेठेत फ्लेक्स बघितला. 'ग्रामीण कन्येची गरुडझेप', खाली क्लासचं नाव आणि माझा फोटो, क्लासच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी दिलेला. त्यात माझा उजवा डोळा जरा बाहेर गेलेला होता. फ्लेक्सवर तो सरळ करून टाकला होता. अम्मी खूष होती. "सर ने दिल बड़ा किया," म्हणाली. तिच्या खुशीवर पाणी टाकताना मला वाईट वाटलं. तरी मी सरांकडे गेले.

"फोटो काढा, सर."

"अगं, तुझा मान आहे तो. खेड्यातल्या मुलींना हुरूप येतो."

"आधी वर्गात सांगा. मग लावा."

"अजून तेच धरून बसलीस? ती बॅच केव्हाच गेली."

"मग या बॅचले सांगा."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. वर्गात मात्र कोणी काही सांगितलं नाही. अम्मी म्हणते, जाने दे, तेरा तो भला हो गया. माझं भलं मी केलं. त्यांच्याकडे माझं एक वाक्य बाकी आहे.

दर सुट्टीत मी तिथं जाते. अकोल्याहून उभ्यानं प्रवास करून, ड्यूटीनं पाय सुजलेले असले तरी. मी आता भांडत नाही, तेवढं त्राण नाही. केबिनबाहेर बसते. काय पाहिजे विचारलं की तेच सांगते. ते बोलतील तेव्हा दार उघडं पाहिजे, वर्ग भरलेला पाहिजे आणि अम्मी खुर्चीवर बसलेली पाहिजे. त्याहून कमी मी घेणार नाही.