एकच टाकी

सुजाता गेल्याचा फोन तिच्या भावाने विश्रांतवाडीहून केला, तेव्हा मी कर्वेनगरच्या घरात फोडणी करत होते. मोहरी करपली, तिखट धूर घरभर झाला आणि डोळ्यांना रडायला निमित्त मिळाले...

वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. मी कविता शिकत होते, ती सांडपाणी. "तुझ्या नद्या शेवटी मलाच साफ कराव्या लागणार," असे ती म्हणे. पुढे ती सरकारी खात्यात अभियंता झाली. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उगवू लागल्या, त्या वर्षांत पलीकडच्या डोंगरकुशीतले एक गाव तिच्याकडे आले. घराघरांचे सांडपाणी ओढ्यात जाई, ओढा बौद्धवस्तीच्या विहिरीशेजारून वाही आणि पावसाळ्यात वस्तीतली मुले जुलाबांनी कोमेजत. सुजाताने आराखडा केला: सगळ्या गावाला मिळून जमिनीखाली एक बंद टाकी, तिच्यापुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा आणि मुळांतून निथळलेले पाणी देवळाच्या झेंडूला.

तिथेच अडले. "वस्तीचं पाणी येगळं ठिवा म्याडम," सरपंच म्हणाले, "देवाची फुलं हायती." सुजाता स्वतः बौद्ध घरातली, गावाला ते ठाऊक होते. ती कोरडेपणाने म्हणाली, "टाकीतल्या जंतूंना विचारून सांगते. ते जात पाहून जेवत असतील, तर दोन बांधू." काम थांबले, तिच्या बदलीची भाषा सुरू झाली. मला ती एवढेच म्हणाली, "दोन टाक्या बांधल्या, तर मी गावाला सिमेंटची शिवाशिव बांधून दिली असं होईल गं." अखेर योजनाच हातची जाईल म्हणून गावाने एक टाकी बांधू दिली, मनातून मात्र नव्हे.

नव्या टाकीलाही विरजण लागते: शेणकाल्याचे, ज्यातले जंतू घाण पचवतात. त्या संध्याकाळी मी तिच्यासोबत होते. ओल्या सिमेंटचा गार वास, ताज्या शेणाची ऊब. एका काठावर गावातल्या बाया, दुसऱ्या काठावर वस्तीतल्या, आणि मधोमध टाकीचे उघडे, काळे तोंड. कुणाचीच बादली हलेना. "त्यांची पडली तर आमी न्हाई वतनार," सरपंचांची सून रखमा म्हणाली. सुजाता कठड्यावर बसली होती. "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत म्हणतात," ती म्हणाली. "सूर्य बुडतोय. ठरवा." तेवढ्यात वस्तीतल्या कमलने बादली उपडी केली. त्या आवाजाने सगळ्या दचकल्या. रखमा आपली भरली बादली उचलून घरी निघाली... आणि तिच्यामागून गावातल्या बाकीच्याही.

टाकी सुरू झाली ती वस्तीच्या शेणावर. कुजकट दर्प हटेना. "म्याडमचं दही काय लागंना!" पारावरून टोमणे येत. टाकी फसली असती, तर वेगळेपणाला आयतेच कारण मिळाले असते. सुजाता दर रविवारी एसटीने जाई, वाफ्यापाशी उकिडवी बसून पाण्याचा वास घेई. मग एका रविवारी तिचा फोन आला. नुसतेच, "लागलं."

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेले. कर्दळ लालभडक फुलली होती. वाफा राखायची पाळी कमलची आणि रखमाची होती. दोघींचे केस आता पिकलेत. झेंडूकडे जाणारी झडप उघडण्याआधी कमलने पाणी ओंजळीत घेऊन नाकाशी नेले. ही सुजाताची सवय. तपासणीच्या यंत्राने काहीही सांगितले, तरी वास घेतल्याशिवाय ती पाणी पुढे सोडत नसे. कमलने कपाळाला आठ्या घातल्या. "सर्दीनं नाक बंद हाय माजं. तू बघ गं."

रखमा वाकली आणि तिने कमलच्या ओंजळीत नाक घातले.

"बेस हाय," ती म्हणाली. "सोड."