अंगठ्याएवढा गंज

धाऊच्या हातांना एक खोड होती. पोलाद धरलं की ते गंजायचं. काही माणसांचा घामच तसा असतो, आणि अशा माणसाने दुसरं काहीही करावं, पण मोजमापाच्या अवजारांच्या वाटेला जाऊ नये. धाऊ नेमका त्याच वाटेला गेला. आटगावातल्या आपल्या घराच्या पडवीत बसून तो कारखान्यांचे मायक्रोमीटर दुरुस्त करायचा. केसाची जाडी मोजणारी ही अवजारं. त्यांच्यावर गंजाचा ठिपकासुद्धा चालत नाही.

पण त्याची बायको देवकी होती ना! तिचे हात कोरडे ठणठणीत. धाऊ अवजार उघडायचा, रॉकेलने धुवायचा, आटे नीट बसवायचा आणि काम झालं की नुसतं "घे गो" म्हणायचा. मग देवकी मलमलच्या फडक्याने त्याचा एकेक ठसा पुसायची आणि वर तेलाचा हात फिरवायची. "मिठाच्या मडक्यात हात घालून बसता का काय?" असं डिवचायचीही. "माजा गंज लोकांच्या घरी जावाला नको," तो हसून म्हणायचा. दुपारी काम सरलं की अंगणात वाळणाऱ्या नाचणीचा दाणा मोजायचा, नाहीतर तिचा एखादा केस. "बारीक भरला आज. जेवत नाय का गो तू?" पडवीत उन्हाची तिरीप हळूहळू सरकत असायची. ती दुपार कधी कलायची, देवकीला कळायचंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाऊ गेला. बघून बघून सगळं काम देवकीच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे अवजारं येत राहिली, ती करत राहिली. पावसाळा सरल्यावर एका दुपारी मात्र तिला फार वाटलं, त्याच्या बोटाचा एक ठसा तरी दिसावा. तिने त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर काढला, पकड पाहिली, पान्हे पाहिले. सगळं लख्ख. जन्मभर तिने इतक्या इमानाने पुसलं होतं, की नवऱ्याच्या हाताची खूण घरात उरलीच नव्हती. तिला आपल्याच हातांचा राग आला.

आणि तशातच आसनगावचा भगीरथ आला. त्याचा लेथचा छोटा कारखाना.

"काकी, राग मानू नका. काकांनी शेवटी शेवटी दुरुस्त करून दिलेला पीस हाय. पावसाळाभर पेटीत होता, आता काढला तर हा डाग. जरा साफ करून द्या."

देवकीला आठवलं. तेव्हा ती डोळखांबला माहेरी गेली होती, आणि धाऊने हा एकट्यानेच पुसून दिला असणार. तिने पेटी उघडली. आतल्या मायक्रोमीटरच्या कमानीवर अंगठ्याचा तपकिरी ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट, आणि मधून आडवी गेलेली विळ्याच्या जुन्या जखमेची खूण.

सवयीने हात फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. भगीरथ पडवीत ताक पीत होता. देवकी आत गेली आणि धाऊचा मायक्रोमीटर घेऊन आली. "हा ने. माप तुझ्या पीससारखंच हाय."

"काकी, हा तर काकांचा! माझ्या पीसपेक्षा झ्याक हाय."

"म्हणूनच ने. गंज लोकांच्या घरी पाठवायचा नाय आमी."

तो गेल्यावर तिने बोटाच्या टोकावर तेलाचा थेंब घेतला आणि ठशावर अलगद टेकवला. गंज वाढू नये आणि जाऊही नये, इतकंच. फडकं तिने खुंटीला अडकवून टाकलं.

तिरीप पाटावर आली होती. देवकीने डोक्यावरचा एक केस उपटला, ठशाला हात लागू न देता मायक्रोमीटरच्या दाढेत धरला आणि आटा हळूच फिरवला. कितीतरी वेळ ती आकड्याकडे बघत राहिली. केस फारच बारीक भरला होता.

"जेवते वो, जेवते," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.