बयनाबाईची चाकाची विहीर

बयनामावशी,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हाही तुला पत्र लिहून उपयोग नव्हता, आणि आता तर नाहीच. तरी तुलाच सांगते. बाकीचे पहिल्या वाक्यालाच टोकतात.

आपलं गाव आता पुन्हा एका नव्या जिल्ह्यात गेलं. गावात पेढे वाटले. पोरं फटाके उडवत होती, आता सगळं जवळ आलं म्हणत होती. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, हे ठीक आहे, पण माळ्याच्या वावरातल्या त्या खड्ड्याचं काय? ती बयनाबाईची विहीर आहे. कोण बयनाबाई, असं विचारलं त्यांनी. उद्धवराव दुकानदाराच्या नातवानेही विचारलं. तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला बसले आहे. तू ऐकत राहा. आणि मध्ये तोंड घालू नकोस.

बयनाबाई निजामाच्या मुलखातल्या, वांकिडीच्या अलीकडच्या आपल्या गावात माळ्याच्या घरात नांदायला आली. नवरा नागोराव वांगी, मेथी लावायचा आणि ती टोपली डोक्यावर घेऊन वांकिडीचा बाजार करायची. पदरात दोन मुली, सोजर आणि गया. गावाची विहीर पायऱ्यांची होती. दगडी, रुंद, अगदी पाण्यापर्यंत उतरत जाणारी. गावाला तिचा मोठा अभिमान. बाया घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवायच्या.

आणि दरवर्षी पेरणीच्या तोंडाशी अर्धं गाव खाटेवर पडायचं. पायाला फोड यायचा, तो फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. नारू. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय भोपळ्यासारखा सुजायचा. नागोरावाला तर तो पाहुण्यासारखा ठरलेला. बियाणं घरात, बैल दावणीला आणि धनी खाटेवर.

ज्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावातले बाप्ये नदीपलीकडे चांद्याकडे पळाले होते, त्या पावसाळ्यात सोजरच्या पायातला नारू तुटला. जखम चिघळली. मग तिची दातखीळ बसली. गाडी जुंपायला घरात कुणी नव्हतं आणि रस्त्याने जायची कुणाची छाती नव्हती. धनुर्वातानं पोर धनुष्यासारखी वाकून गेली.

तिचा तेरावा व्हायचा होता, तेवढ्यात बातमी आली की निजामाचं राज्य गेलं, हिंदुस्थानची फौज हैदराबादेत शिरली. उद्धवराव घरोघर गूळ वाटत निघाले. बयनाबाईच्या दारात मात्र घुटमळले. तिनेच हात पुढे केला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. शेजारच्या भागाबाईने तिथल्या तिथे ऐकवलं, “पोरीची राख गरम हाय अजून, आन् हे गोड खाऊन राह्यली.”

“सोजर गेली थे गेली,” बयनाबाई म्हणाली. “गया हाय न.”

पुढल्या उन्हाळ्यात चांद्याकडून एक तरुण डॉक्टर आणि त्याच्याबरोबरचे स्वयंसेवक आले. शाळेत मुक्काम ठोकला. डॉक्टरने चावडीपुढे उभं राहून सांगितलं की नारू पाण्यातून होतो. ज्याच्या पायाला नारू आहे तो पायरीवर उतरला की नारूच्या बारीक अळ्या पाण्यात सुटतात. ते पाणी तुम्ही यंदा पिता आणि तो जंत पुढच्या वर्षी तुमच्या पायातून निघतो. लोक हसले. गेल्या वर्षीच्या पाण्याचा यंदा हिशेब, हे कुणाला पटणार? लोकांनी मलम मागितलं. बयनाबाईने एवढंच विचारलं, “तर मंग त्याले पाण्यातच अडवता येते का?”

डॉक्टर म्हणाला, आज कापडातून पाणी गाळा आणि पुढे पायऱ्या बुजवून वरून ओढायची चाकाची विहीर करा. एवढं सांगून तो गेला. राहिली ती बयनाबाई.

रोज सकाळी ती वरच्या पायरीवर येऊन बसू लागली. कुणाच्या घागरीला कुणाचं कापड चालणार नाही, हे ती ओळखून होती. म्हणून ज्याने त्याने आपलं कापड आणायचं, दुहेरी घडी करून घागरीच्या तोंडावर बांधायचं. ज्यांना पायऱ्या उतरायची मुभा नव्हती, त्यांच्या घागरी ती स्वतः भरून, गाळून द्यायची. पायाला फोड असलेलं माणूस मात्र ती खाली उतरू द्यायची नाही.

“सरक व बाजूले, तहसीलदारीण,” भागाबाई लंगडत येऊन म्हणायची. “इहीर का तुह्या बापाची हाय?”

“बापाची असती त कवाच बुजवली असती. पाय दाखव.”

“पाय पाहून का लग्न जमवतं माह्यं?”

“तुह्या पायानं कोणी भाळणार नाही. आन इकडं घागर, मी भरून देतो.”

भागाबाई शिव्या देत घागर द्यायची. शिव्या खायच्या, घागर भरायची, असं बयनाबाईने किती तरी वर्षं केलं. एक पैसा कुणी दिला नाही, तिने मागितलाही नाही. आणि नारू कमी झाला. गेला नाही, कमी झाला. वावरात, जत्रेत, दुपारच्या तहानेला कोण कापड घेऊन फिरतं? तिला कळत होतं की पायऱ्या आहेत तोवर गयाचा जीव टांगणीलाच आहे.

तिने आपल्या वांग्याच्या वावराचा कोपरा विहिरीला दिला. नागोराव कुरकुरला आणि मग पहिली कुदळ त्यानेच मारली. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत, तो महादेवाचा दिवस. बैलाला सुट्टी, म्हणजे माणूस रिकामा. तर दर सोमवारी घरटी एक माणूस, असं ठरलं. दिवाळीनंतर खोदाई लागली. बाया टोपल्यांनी मुरूम वर काढायच्या. भागाबाईसुद्धा यायची आणि काम कमी, टोमणे जास्त असं करून जायची. संक्रांतीच्या सुमारास तळाला ओला मुरूम लागला. आता थोडं खाली जायचं आणि आतून दगड बांधून घ्यायचे, एवढंच उरलं होतं.

उद्धवरावांची थोरली मुलगी तेव्हा नागपूरला कॉलेजात होती. ती मीच. सुट्टी संपून निघाले, तर बयनाबाई टोपली घेऊन वाटेत उभी.

“माय, चांद्याहून इहिरीच्या चाकासाठी एक लोखंडी गडगडी आणशील? लाकडाची चाकं दोन पावसात फुगते. पाणी लागलं की निरोप धाडतो. मंगच आण, आधी नोको. आधी आणली का पाणी रुसते.”

त्यानंतर नागपूरचं वर्तमानपत्र आलं. उद्धवरावांनी ते चावडीवर मोठ्याने वाचलं. भाषेप्रमाणे राज्यं होणार, मराठी मुलूख मराठी राज्याला जाणार. आपल्या गावाचं नाव त्यात नव्हतं. पण गाव मराठी आहे, मग नाव कशाला लागतं, असा सगळ्यांचा हिशेब. ढोल वाजले. राजुऱ्याकडून आलेल्या एका पुढाऱ्याने तर सांगूनच टाकलं की मराठी राज्य आलं की गावागावात पक्की विहीर, सिमेंटची, सरकारी खर्चाने.

आणि इथे, सरळ सांगते, खोदाई कुणा गावगुंडाने थांबवली नाही. बयनाबाईनेच थांबवली. सोमवारी माणसं जमली, तेव्हा ती विहिरीच्या काठावर उभी राहून म्हणाली, “आता घरी जा. कापूस वेचा. आपून दगड लावले त सरकार म्हणन, यायच्यापाशी इहीर हाय, यायले दुसरी नोको. सिमेंटची भेटून राह्यली त कच्ची काऊन करा?”

भगवानराव म्हणून एक म्हातारा गवंडी होता, तो म्हणाला, “बाई, दगड तरी लावू द्या. पाऊस कोणाचं राज्य पाहत नाही.”

“राहू द्या, दादाजी. इतके वर्सं थांबलो, एक पावसाळा थांबू.”

सोजर गेली त्या दिवसांत आलेली बातमी खरी ठरली होती. तीच एक गोष्ट तिच्या आयुष्यात खरी ठरलेली. म्हणून ही दुसरीही तिने खरी मानली.

उन्हाळाभर ती विहीर मंजूर करून घ्यायला उद्धवरावांबरोबर हिंडली. तालुक्याला आसिफाबादच्या कचेरीत म्हणाले, तुम्ही तर तिकडे जाणार, आता तिकडेच मागा. राजुऱ्यात म्हणाले, तुमचं गाव आमच्या कागदात नाही. परत आसिफाबादला गेली तर नवा कारकून तेलुगूत “रेपु रा” म्हणाला. उद्या ये. ते दोन शब्द तिला लवकरच पाठ झाले. आणि ती कचेरीच्या ओट्यावर बसलेली असायची त्या सकाळी, पायऱ्यांवर कुणीच नसायचं. गया सोळा-सतराची, वावरातून तहानून यायची. ओंजळीने प्यायची. सगळेच प्यायचे.

पावसाळ्यात विहिरीच्या कच्च्या भिंती आत ढासळल्या. नोव्हेंबरात राज्यं झाली. राजुरा तिकडे मराठी राज्यात गेला, आम्ही इकडे तेलुगू राज्यातच राहिलो. ढोल वाजवणारे दोन दिवस एकमेकांकडे पाहत नव्हते. पुढल्या उन्हाळ्यात गयाच्या गुडघ्यापाशी फोड आला.

आईला दाखवायच्या आधी पोरीने तो दोन दिवस लुगड्याखाली लपवला. बयनाबाईने काडी हातात घेतली आणि महिना-दीड महिना रोज थोडा थोडा ओढला. एकदाही घाई केली नाही, दोरा तुटू दिला नाही. गया जगली. पण नारू सांध्यात शिरला होता. गुडघा जो आखडला तो परत सरळ झाला नाही. ठरत आलेलं लग्न मोडलं.

“सरकार आलं काय मग?” भागाबाईने पायरीवर विचारलं.

“पाय दाखव,” बयनाबाई म्हणाली.

तिने पुन्हा सोमवारी हाका मारल्या. पहिल्या सोमवारी आठ-दहा आले, मग नागोराव आणि भगवानराव, मग नुसता नागोराव. लोक वाईट नव्हते. एकदा आशा लावून बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुदळ जड जाते, एवढंच. गावात हापसा आला तो ती गेल्यानंतर, आणि पायऱ्यांवर सरकारने माती लोटली ती त्याही नंतर. तोवर ती मरेपर्यंत रोज सकाळी वरच्या पायरीवर बसली. शेवटी डोळ्यांना फोड दिसायचे नाहीत, तर बोटांनी चाचपायची. तिच्यानंतर ती जागा गयाने घेतली, ताठ पाय पुढे पसरून.

मावशी, चांद्याच्या बाजारात लोखंडाचं एक दुकान होतं, तिथे गडगड्या दाराशी टांगलेल्या असायच्या. नागपूरला जाता-येता मी पाहायचे. एक मध्यम आकाराची मनाशी ठरवूनही ठेवली होती. पाणी लागलं की निरोप धाडतो, म्हणाली होतीस. गडगडी तिथेच टांगलेली राहिली.