मारोतभाऊंची मोडलेली सोयरीक

मारोतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा गोंडपिपरीच्या बसस्टँडवर मी एका अनोळखी प्रवाशाला त्यांचीच गोष्ट सांगत होतो. हा काही चमत्कार नव्हे. ती गोष्ट मी आठवड्यातून चारदा सांगतो, तेव्हा कधीतरी असं होणारच होतं. फोन खिशात ठेवला, गोष्ट पूर्ण केली, मग त्यांच्या घरी गेलो… प्रेक्षक अर्ध्यावर सोडायचा नाही, एवढा एकच धर्म मी पाळत आलो.

मारोतभाऊ चंद्रपूर-सिरोंचा गाडीवर कंडक्टर होते. एकदा आष्टीच्या थांब्यावर वाघ बघायला आलेल्या एका परदेशी बाईचा गरम चहा तिच्याच हातावर कलंडला आणि ती ओरडली, "केझेम!" शेजारची गोंड आजी हळहळली, "कै भाजला वो बाईचा." कै म्हणजे गोंडीत हात. बाई हंगेरीची; तिच्या भाषेत केझ म्हणजे हात, केझेम म्हणजे माझा हात. तिनं तो शब्द तिकिटामागे लिहून दिला आणि मारोतभाऊ त्या शब्दामागे लागले ते लागलेच.

स्वतः मारोतभाऊ गोंड. शाळेत गोंडी बोललं की मास्तर म्हणायचे, "जंगलातली कावकाव बंद करा." हे सांगताना ते हसायचे, पण दर वेळी सांगायचे. "त्या कावकावीचे सोयरे युरोपात निघाले तं मजा येईल गा," असं मला म्हणाले होते. मी तर टाळीच दिली.

नातं कसं ओळखायचं हे त्यांना गाडीनंच शिकवलं होतं. अहेरीकडे हाताला कै आणि कानाला केवी. सिरोंच्याला तेलुगू माणूस म्हणणार चेय्यि आणि चेवी. इकडच्या 'क'चा तिकडे 'च', आणि तोही पुन्हा पुन्हा. मग निवृत्तीनंतर मोबाईलवर त्यांनी हंगेरियनचं गणगोत धुंडाळलं. फिनलंडात हात म्हणजे कॅसी. हंगेरीत पाणी वीझ, तर फिनलंडात वेसी. इथंही शेवटच्या 'झ'समोर 'स', पुन्हा पुन्हा. म्हणजे ही दोघं एका घरची. आता गोंडीतलं पाणी… ते निघालं येर. कान जुळेना, डोळा जुळेना. त्या केझ-कैपुढे गाडी हलेना.

मला या तपशिलात रस नव्हता. गावच्या मेळाव्यात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी आवाज चढवून जाहीर केलं, "बंधुभगिनींनो, हंगेरी आणि गडचिरोली सख्ख्या बहिणी आहेत!" टाळ्या थांबेनात. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून मारोतभाऊ उठले.

"थांब गा. एकच शब्द जुळला. एका स्टॉपवर उतरले म्हून दोघं एका घरचे होत नाईत."

मी तोंड वळवून कुजबुजलो, "लोकं खूश होऊन राह्यले, तुमाले काऊन त्रास?" माईक चालूच होता. सगळा मांडव हसला.

"म्हूनच त्रास. घरी जाऊन पोरायले सांगतीन हे."

पुढं चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. मग तेच आले, वही घेऊन. पानावर चार रकाने: गोंडी, तेलुगू, फिनिश, हंगेरियन. 'कै'च्या ओळीत चेय्यि होतं. पुढं कॅसी आणि केझ यांवर सरळ रेघ मारलेली. मी विचारलं, खोडताना कसं वाटलं?

"सोयरीक मोडल्यावानी," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "पुढंमागं कोणी पुरावा आणला तं आणला. मायाजवळ नाई."

परवा मेळाव्याच्या सचिवांचा फोन आला. मारोतभाऊंवर अंक काढून राह्यलो, तुमचं ते भाषणच छापतो, त्यांचा शोध म्हणून. "आता मधात उठाले कोणी नाई, भाऊ."

खरं सांगतो, मोह झाला. काय भाषण होतं ते! मी सचिवांना म्हटलं, दहा मिनिटांनी सांगतो. वही आता माझ्याकडे आहे. त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी, तेराव्याला दिली. ते पान उघडलं. 'कै'च्या खाली त्यांनी आणखी ओळी भरल्या होत्या: गोंडी, तेलुगू, गोंडी, तेलुगू… उजवीकडचे दोन्ही रकाने खालपर्यंत रिकामे.

मी पानाचा फोटो पाठवला आणि सचिवांना फोन लावला. "भाषण नको. हे पान छापा."

"अर्धं पान कोरं हाय ना हे!"

"ते भरायला मारोतभाऊंना कोणीच अडवलं नव्हतं," मी म्हणालो. "कोरंच छापा."