डोंगरातला अवधूत

पुण्याच्या स्कूटरच्या सवयीनं मी ब्रेक समजून उजव्या हाताचा खटका दाबला. तो ॲक्सिलरेटर निघाला आणि अवधूतची स्नोमोबील, म्हणजे बर्फावरची गाडी, त्याच्याच सरपणाच्या ढिगावर चढली. एरवी त्यानं आठवडाभर माझी टिंगल केली असती. आता तो नुसता लाकडं रचत राहिला.

त्याच्या मुलाला, कुशला, या गाड्यांचं वेड; म्हणून २००४ साली क्युपर्टिनो शहर सोडून बापलेक आयडाहोच्या बर्फाळ डोंगरात आले. यंदा जानेवारीत बर्फाचा कडा कोसळला आणि कुश त्याखाली गेला. पाच दिवसांनी शोधपथक रिकाम्या हातानं परतलं. अवधूत अजून रोज लांब काठी घेऊन जातो आणि बर्फात खुपसून बघतो.

“चल यार आमच्याकडे पुण्याला,” मी म्हटलं. “ बायकोनं खोली लावून ठेवलीय. तिचं पिठलं मी एकट्यानं किती सोसायचं?”

“कुश सापडल्याशिवाय मी हलणार नाही.”