आप्पांची भुतांची ट्रंक

आमच्या शिवकन्याचे वडील, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, ते म्हणजे खुळा माणूस. लोक औरंगाबादेहून लुगडं आणत्यात, भांडं आणत्यात. हे तिथं रद्दीच्या दुकानात हमाली करून आले, ते जुन्या इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांची ट्रंक घेऊन. सगळी भुताखेतांची, नाहीतर राजेलोकांनी माणसं हाल करून मारल्याची. इंग्रजीचं एक अक्षर येत न्हाई ह्यांना. चित्रं बघायची अन् गोष्ट आपल्या मनानं लावायची.

बहात्तरच्या दुष्काळात नेकनूरजवळ तळ्याचं काम निघालं, ते मजूर सोसायटीनं घेतलं. आमी दोघं तिथंच. दुपारी भाकर खाल्ली की बाभळीखाली आप्पा पुस्तक उघडायचे. एकात काळी झूल पांघरलेला सुळेवाला माणूस बायांच्या मानेचं रगत प्यायचा. आप्पा लई रंगवून सांगायचे. शेळ्या राखायचं सोडून कामावर आलेली कडूबाई म्हणली, ह्यो तर गोचीड हाय, राकेल लावा ह्याला. हसून हसून पोटं दुखली. खोटं कशाला बोलू, त्या वर्षात तेवढंच हसू होतं.

मग एक दिवस ह्यांनी सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं. राजाचा किल्ला, अर्धी भिंत, अन् भिंतीत छातीपर्यंत चिणलेली बाई. आप्पांनी सांगितलं, भिंत टिकेना म्हणून राजानं गवंड्याची बायको आत चिणली, तवा टिकली. ह्या खेपेला कुणी हसलं न्हाई. आमच्या तळ्याचा बांध दोनदा खचला होता.

दुसऱ्या दिवशी बायांनी तान्ही लेकरं आणली न्हाईत. तिसऱ्या दिवशी बायाच आल्या न्हाईत. तळ्याला लेकरू न्हाईतर बाई लागती म्हणे! मुकादम सटवा आप्पांवर तडकला. बाया आल्या न्हाईत तर काम बंद, अन् काम बंद म्हणजे गावाच्या चुली बंद. आप्पांनी घरोघर जाऊन हात जोडले, गोष्ट मीच लावलीय म्हणून सांगितलं. कोण ऐकतंय?

सकाळी पोटापायी बाया आल्या, पण लांबच उभ्या. तर ह्या माणसानं आमच्या तीन वर्षांच्या शिवकन्याला उचललं अन् बांध खचला होता तिथं नेऊन बसवलं. तळं काय मागत असंल तर आधी माझी पोर घेईल, सांजपर्यंत बघा, म्हणले. गोष्ट लावताना शेजारी मीच बसलेली. तरी पळत गेले अन् पोरीला हिसकून कडेवर घेतलं.

"कावून उचलली? गोष्ट खोटी हाय, तुला ठावं हाय न्हवं?"

"गोष्ट खोटी हाय. पोरगी खरी हाय."

आप्पा तडक घरी गेले. मग ते लाडकं पुस्तक आणलं, त्याच जागी खड्डा घेतला, अन् भिंतीतल्या बाईचं पान वर करून आत ठेवलं.

"बाई पायजे न्हवं तळ्याला? ही घे."

पहिली पाटी कडूबाईनं टाकली. मग बाकीच्या आल्या. बांध परत खचला न्हाई, कारण माती ह्या वेळी धुमसानं ठोकून ठोकून नीट बसवली होती.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. सगळा गाव नाचत पाणी बघायला गेला. आप्पा तेवढे बांधावर त्या जागी उभे होते.

"भिजली असंल बिचारी," म्हणले, अन् डोळे पुसले.